ट्यूब तुझी, कॅप्सूल माझ्या

१२ जून

प्रिय बारके,

सोबतचं पार्सल एकटी असताना उघड. वर निळं सुती कापड आहे, ते कोणी विचारलं तर दाखवायला. घडीच्या आत जी ट्यूब आहे ती तुझी.

फोनवर हे सांगायची सोय नाही. मेहुण्यांना कमी ऐकू येतं म्हणून तुमचा फोन कायम मोठ्या आवाजावर. मागच्या वेळी माझ्या मूळव्याधीची चौकशी तुमच्या अख्ख्या जिन्याने केली होती. त्यापेक्षा आपली पत्रं बरी.

तू लिहिलं होतंस की कोटाची कॉलर बसवता बसवता छातीतून एकदम आग उठते, कानापर्यंत जाते आणि मग घामाने पाठ भिजते. दोन कोटांच्या अस्तरावर डाग पडले, मुकादमाने ते उसवायला लावले, आणि आणखी एक बिघडला तर तुला बटणांच्या टेबलावर बसवीन म्हणाला. ते वाचून मला माझीच कहाणी वाचल्यासारखं वाटलं. पाळी थांबल्यापासून दोन वर्षं मी हेच सोसतेय. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसलेली असताना चष्म्यावर वाफ धरायची आणि पावतीवरचे आकडे दिसायचे नाहीत. शेवटी बायकांच्या डॉक्टरणीकडे गेले.

काय सांगू, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाळी कधी थांबली, असं तिने खणखणीत आवाजात विचारलं. दार अर्धवट उघडं, आणि बाहेर आमच्याच ऑफिसचा शिपाई त्याच्या आईला घेऊन बसलेला. ती पुढे बराच वेळ समजावत होती, कागदावर चित्रंही काढत होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत हो हो करत राहिले आणि कागद पर्समध्ये कोंबून बाहेर पडले.

तिने दोन वस्तू दिल्या. सकाळी दंडावर चोळायचं जेल आणि रात्री झोपताना घ्यायची कॅप्सूल. जेलने पंधरा दिवसांत फरक पडला. मला महिन्याला दोन ट्यूब मिळतात, एकीवर माझं भागतं. कॅप्सूल झोपेची असावी, घेतली की अर्ध्या तासात डोळे मिटतात. तुला तिचा काय उपयोग? तू शिवणयंत्राच्या धडधडीतसुद्धा घोरतेस.

आपला लहानपणचा नियम तुला आठवतच असेल. एकीने कापायचं, दुसरीने आधी उचलायचं. म्हणजे कापणारी लबाडी करत नाही. या वेळी तू समोर नाहीस, म्हणून कापलंही मीच आणि उचललंही मीच. ट्यूब तुझी, कॅप्सूल माझ्या.

फॉर्मवर मी 'सुती कापड' एवढंच लिहिलंय. तीस वर्षं येणाऱ्या जाणाऱ्याला "आत काय आहे?" विचारणाऱ्या बाईने असं करू नये, कळतं मला. पण शेजारच्या खिडकीवरचा माणूस फॉर्म वाचतो गं.

तुझी,
ताई

२ जुलै

प्रिय ताई,

कापड मिळालं. कापडाच्या आतलं कापडही मिळालं.

अडीच आठवडे लावतेय. पहिल्या आठवड्यात काही नाही, दुसऱ्यात जरा बरं, आणि परवा दुपारी अचानक लक्षात आलं की सकाळपासून आपण पदराने वारा घेतलेला नाही. सात कोट बसवले, एकाही अस्तरावर डाग नाही. मुकादम दोनदा येऊन बघून गेला. त्याला काही सापडेना म्हणून धाग्याचा रंगच फिका आहे म्हणाला.

कोपऱ्यात आमची इस्त्रीवाली असते, तुला मागे लिहिलं होतं, तीच ती, जिचा आवाज वाफेच्या इस्त्रीपेक्षा मोठा. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काय बाई, नवरा बदललात की पिठाची चक्की?" सगळ्या हसल्या. मी लाजले आणि बरंही वाटलं.

घरी सुनेला दिवस गेलेत, दुसरा महिना लागलाय. तिला सारखं मळमळतं. न्हाणीघर एक आणि माणसं चार, त्यामुळे ट्यूब मी सुयांच्या डब्यात ठेवते. तिथे कोणी हात घालत नाही, टोचतं.

पुढची केव्हा पाठवशील?

बारकी

१८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पाचवं कापड पोचलं. आता माझ्याकडे पाच परकरांचं निळं कापड जमलंय, पुढच्या वेळी दुसरा रंग पाठव. गडद असला तर बरा. हल्ली मी गडदच नेसते.

मागची ट्यूब जरा लवकर संपली. रागावू नकोस. या महिन्यात दोन्ही पाठवता आल्या तर बघ.

बाकी सगळं ठीक. कामावर माझं नाव आता जाड लोकरी कोटांच्या यादीत आहे. ते फक्त हात स्थिर असलेल्यांना देतात. कधी कधी वाटतं, वय उलटं चाललंय. आजी व्हायच्या वेळेला असं वाटावं हे हसण्यासारखंच. जास्त लिहीत नाही, तू चेष्टा करशील.

सुनेला पाचवा संपत आला. पोट बघून शेजारीण म्हणाली, जुळं आहे. सून दोन दिवस रडली.

बारकी

२५ नोव्हेंबर

प्रिय बारके,

या वेळी पार्सल नाही, नुसतं पत्र.

जेल आता लावू नकोस. असेल नसेल ते टाकून दे. दुकानदार सांगत होता की मधल्या काळात आलेला माल उष्णतेने खराब झालाय, त्याने अंगावर पुरळ उठतं म्हणे. मीही बंद केलंय. ट्यूब लवकर संपली म्हणालीस म्हणजे तू सढळ हाताने चोपडत होतीस. तेवढंही बरं नाही.

तुला बाकी काही त्रास नाही ना? म्हणजे अंगावर पुरळ वगैरे, किंवा आणखी काही. असला तर सरळ डॉक्टरकडे जा, माझी वाट बघू नकोस.

थंडीचे दिवस आलेत, घाम तसाही कमी येईल.

ताई

९ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र आल्या दिवसापासून बंद केलं. पुरळ वगैरे काही नाही, मी अगदी ठणठणीत आहे. डॉक्टरकडे कशाला जाऊ? आमच्या कोपऱ्यावरचा डॉक्टर यांच्याबरोबर शाळेत होता. त्याच्यासमोर मी खोकलासुद्धा जपून खोकते.

आग मात्र परत आली. परवा एका कोटाच्या आतून डाग पडला. कोणी बघायच्या आत मीच उसवला.

चांगला माल आला की कळव.

बारकी

२० जानेवारी

प्रिय बारके,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलंय. आता वाचून न बघता टाकणार आहे.

माल खराब झाला नव्हता. दुकानदार मला काही बोलला नाही. मी खोटं लिहिलं.

नोव्हेंबरात मी सहा महिन्यांच्या तपासणीला गेले होते. डॉक्टरणीच्या आधी नर्स सगळं विचारून घेते. कॅप्सूल नियमित घेता का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, झोप चांगली लागली की एखाद्या दिवशी सोडते. ती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली की ती झोपेची गोळी नाहीच. झोप येते तो तिचा गुण, पण काम वेगळं आहे. ते प्रोजेस्टेरॉन. जेलमध्ये इस्ट्रोजेन असतं, त्याने अंगातली आग थांबते, पण त्यानेच गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढू लागतं. कॅप्सूल त्या वाढीला आवर घालते. ज्या बाईला गर्भाशय आहे तिने नुसतं जेल कधीच लावायचं नसतं.

मी विचारलं, समजा एखादीने नुसतंच लावलं तर? तिने मला नीट न्याहाळलं. म्हणाली, अस्तर जाड होत जाईल. थांबलेली पाळी परत आल्यासारखं रक्त जायला लागेल, आणि तसं झालं तर एक दिवसही न दवडता तपासायला हवं, कारण त्यातून पुढे कॅन्सरही होऊ शकतो. मग विचारलंन, कोणाला दिलंत का? मी नाही म्हटलं. तिच्या तोंडावर नाही म्हटलं.

घरी येऊन पर्सच्या तळातला तो पहिल्या भेटीचा कागद काढला. डॉक्टरणीने चित्रासकट सगळं लिहून दिलं होतं. कॅप्सूलच्या नावाखाली दोन रेघा मारल्या होत्या. बारके, मी तो कागद एकदाही उघडला नव्हता.

तेव्हाच तुला खरं लिहायला हवं होतं. पण कसं लिहू? थोरली म्हणून आयुष्यभर मी तुला शहाणपण शिकवलं. तुझ्या लग्नात, बाळंतपणात, मेहुण्यांची नोकरी गेली तेव्हा. आता मीच तुला अर्धं औषध पाठवलं आणि अर्धं कोणतं तेही मला ठाऊक नव्हतं, हे माझ्या हाताने कागदावर उतरेना. म्हटलं, जेल बंद झालं की झालं. रक्ताबद्दल सरळ विचारायचं धाडससुद्धा झालं नाही, पुरळ पुरळ करत बसले.

काल खिडकीवर एक म्हातारी आली. फॉर्मवर 'कापड' लिहिलं होतं आणि पार्सल हलवलं तर आत गोळ्यांच्या पाकिटांचा आवाज. मी तिला झापलं. म्हटलं, आजी, आत काय आहे ते खरं लिहायचं, घेणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. ती बिचारी खोडून पुन्हा लिहीत बसली, आणि मला माझ्याच खुर्चीवर बसवेना. अर्धी सुट्टी टाकून घरी आले आणि हे लिहायला घेतलं.

तुला रक्त गेलंय का? खरं सांग. गेलं असेल तर बायकांच्या डॉक्टरकडे जा. मेहुण्यांना माझं नाव सांग, सगळं माझ्यावर घाल.

ताई

३ फेब्रुवारी

ताई,

सप्टेंबरपासून जातंय.

आधी थेंब थेंब, मग आठवडाभर, मग कधीही. जेल बंद केल्यावर तर जास्तच झालं. मला वाटलं पाळी परत आली. ऐक आता, सगळंच ऐक. मला त्याचा आनंद झाला होता. सून पोटुशी, आणि मी सासू असून अजून बाई आहे असं काहीतरी खुळ्यासारखं मनात आलं. मग त्या आनंदाचीच लाज वाटायला लागली. नातवाचे कपडे शिवायच्या वयात हे कोणाला सांगणार? रक्ताच्या फडक्यांच्या घड्या मी कामावर नेऊन कात्रणांच्या पोत्यात टाकत होते. घरात एक न्हाणीघर, म्हणून.

तू 'बाकी काही त्रास नाही ना' विचारलंस तेव्हा मी ठणठणीत आहे असं लिहिलं. तेव्हा माझ्या मांडीखाली घडी केलेलं फडकं होतं. म्हणजे खोटं मीही लिहिलं. पण ताई, माझं खोटं आणि तुझं खोटं यांत फरक आहे. मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. तू चुकून अर्धं पाठवलंस त्याचा मला राग नाही. तू काय मी काय, दोघी सारख्याच अडाणी. पण कळल्यावर दोन महिने गप्प बसलीस. मी मेले असते तर पुरळ उठून मेली म्हणाली असतीस का?

तुझं पत्र यांना दाखवलं नाही, सुनेला दाखवलं. माझीच मान वर होत नव्हती. ती नऊ महिन्यांचं पोट घेऊन उठली, चप्पल घातली आणि म्हणाली, "आई, चला. माझ्या डॉक्टरीणबाई आज पाचपर्यंत असतात."

सोनोग्राफी झाली. अस्तर जाड आहे. कापडाच्या हिशेबात सांगायचं तर उन्हाळी झग्याला हिवाळी कोटाचं अस्तर. आतला तुकडा काढून तपासायला पाठवलाय. दुखलं. तीन आठवड्यांनी कळेल.

तोवर पत्र पाठवू नकोस. राग गेला की मीच लिहीन.

बारकी

१२ फेब्रुवारी

बारके,

पाठवू नकोस म्हणालीस तरी चार ओळी पाठवतेय. उत्तर नको.

काल डॉक्टरणीकडे गेले आणि सांगितलं की ट्यूब बहिणीला देत होते आणि नर्सपाशी खोटं बोलले. ती रागावली नाही, ते जास्त लागलं. नुसती म्हणाली, मी समजावत होते तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघत होतात, तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

तुझं काय निघेल ते निघो, मी येऊन राहीन. तू बोलली नाहीस तरी राहीन. भांडी घासेन.

ताई

६ मार्च

प्रिय ताई,

कॅन्सर नाही.

पहिली ओळ हीच लिहायची असं ठरवलं होतं, कारण तू पत्र उभ्याने वाचतेस. आता बस.

अस्तर नुसतं वाढलंय, पेशी बिघडलेल्या नाहीत. पण तसंच राहू दिलं असतं तर पुढे बिघडू शकल्या असत्या. आता औषध काय दिलंय माहितीये? तेच. तुझ्या वाटणीचं. प्रोजेस्टेरॉनच्या जातीचीच गोळी, रोज, सहा महिने, आणि मग पुन्हा तुकडा तपासायचा. जेल बंद. आगीचं काय करायचं ते नंतर बघू म्हणाल्या.

मी डॉक्टरीणबाईंना सगळं विचारलं. लाज वाटत होती, पण सून शेजारी बसली होती आणि मी थांबले की कोपराने ढोसत होती. त्यांनी सांगितलं की पाळी चालू असते तेव्हा हे दोन्ही शरीरच बनवतं. महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात एक अस्तर वाढवतं, दुसऱ्या अर्ध्यात दुसरं येऊन ते थोपवतं आणि तयार ठेवतं. दिवस राहिले नाहीत तर ते ओसरतं आणि पाळी येते. राहिले तर तेच प्रोजेस्टेरॉन गर्भ धरून ठेवतं. सुनेच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, हेही त्याच्याच जिवावर टिकलंय. इतकी वर्षं हे माझ्या अंगात चाललं होतं आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं. कोटाच्या बटणाचीसुद्धा चार नावं येतात मला.

आता दुसरी गोष्ट. ही लिहायला मला तुझ्यासारखेच चार कागद लागले.

माझी ट्यूब लवकर का संपायची, ते तू चुकीचं ओळखलंस. मी सढळ हाताने चोपडत नव्हते. अर्धी इस्त्रीवालीला देत होते.

तिलाही तीच आग, आणि वर दिवसभर वाफेत उभी. ऑगस्टात एकदा चक्कर येऊन बसली, तेव्हा मी सुयांचा डबा उघडला. तुझ्यासारखंच केलं, अगदी तसंच. थोडी ट्यूब रिकाम्या डबीत पिळली आणि म्हटलं, दंडाला लावा, दुसरं काही लागत नाही. केवढ्या ठामपणे म्हटलं.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिला विचार माझा आला, दुसरा तिचा. आणि मी तिला सांगितलं नाही. तुला फाडफाड लिहिलं, दोन महिने गप्प बसलीस म्हणून, आणि रोज सकाळी तिच्यासमोरून जाऊन माझ्या यंत्रावर बसले. एक महिना, ताई. म्हटलं माझा निकाल येऊ दे, मग सांगू. माझं चांगलं निघालं तर तिचंही चांगलंच असेल. असं काहीतरी. तू जे केलंस तेच, फक्त तुझ्यावर ओरडायला मी होते आणि माझ्यावर ओरडायला कोणी नव्हतं.

निकाल हातात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलापाशी गेले. इस्त्री बंद करा म्हटलं, तर म्हणाली, "तापायला वीस मिनिटं लागतात, तसंच बोला." वाफेतच सगळं सांगितलं. डबी कुठली, त्यात काय नव्हतं, मला काय झालं, कधीपासून माहीत होतं. तुम्हाला रक्त गेलंय का, असंही विचारलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग इस्त्री उभी केली.

"मला पिशवीच नाही," ती म्हणाली. "बारा वर्षांपूर्वी काढली. माझं काय वाढणार?"

मी तिच्या टेबलाला धरून उभी राहिले. वाचलो, वाचलो, एवढंच डोक्यात. बहुतेक हसलेही असेन. तिने ते बघितलं.

"पण देताना तुम्हाला हे ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. आणि पुढचा कोट ओढून घेतला.

बारा वर्षं आम्ही एका खोलीत आहोत. ऑपरेशननंतर ती कामावर आली तेव्हा दोन महिने स्टुलावर बसून इस्त्री करायची, मला ते स्टूल आठवतंय. कशाचं ऑपरेशन ते मी कधी विचारलं नव्हतं. डबी देतानाही विचारलं नाही.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलते, पण हळू. तिचा आवाज इस्त्रीपेक्षा लहान झालेला मी पहिल्यांदा ऐकला. खोलीतल्या बाकीच्या बायांना तिचा आवाज उतरल्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

तेव्हा तुला माफ करायचं की नाही, हा प्रश्न आता राहिला नाही. माफ करायला मी तुझ्यापेक्षा वरच्या पायरीवर तरी असायला हवी ना.

भांडी घासायला ये. सुनेला आता कधीही कळा सुरू होतील, घरात एक बाई जास्त असलेली बरी. येताना तुझ्या डॉक्टरणीचा तो चित्रांचा कागद आण, दोन रेघांचा. तो मला कामावर न्यायचा आहे. निम्म्या जणी कशाकशावर कोणाकोणाच्या डब्या वापरतात, आता मला दिसायला लागलंय. आधी इस्त्रीवालीला विचारीन, चालेल का म्हणून. ती नको म्हणाली तर नाही नेणार.

आणि सप्टेंबरात माझी दुसरी तपासणी आहे. तू बाहेर बाकावर बसायचं नाहीस, आत यायचं. मी विचारीन, तू लिहून घे. घड्याळाकडे पाठ करून बस.

आत काय आहे ते फॉर्मवर नीट लिहून कागद पार्सलनेच पाठवलास तरी चालेल. पण तू ये.

तुझी,
बारकी